टेबल उंच की बाई बुटकी?

मी एक जुना लाकडी पाट आहे. वीतभर उंच, हातभर रुंद, खाली दोन आडव्या पट्ट्या आणि वर एका बाईच्या टाचांनी पडलेले दोन खळगे. मित्रांनो, तुम्ही डोळे पुसायला रुमाल काढला असेल तर तो परत खिशात ठेवा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की लगेच गळा काढतात. मला विसरलात, मला अडगळीत टाकलंत, माझी कुणाला किंमत नाही, वगैरे वगैरे. मला तसं रडता येत नाही. मला माणसांची कीव कमी येते आणि राग जास्त येतो. राग तरी कशाला म्हणू? मला ती बऱ्याचदा मूर्ख वाटतात. का वाटतात ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म काही मोठ्या घरचा नाही. एका कारखान्यात दूरवरून एक अवजड यंत्र आलं. ते ज्या खोक्यात बसून आलं, त्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. त्या खोक्याचा थाट तुम्ही बघायला हवा होता! आत मऊ गाद्या, कोपऱ्यांना स्पंज, चारी बाजूंनी पट्टे, आणि बाहेर ठळक अक्षरांत सूचना, 'नाजूक वस्तू, जपून हाताळा'. लोखंडाच्या धुडाला नाजूक म्हणत होते, बरं का. आणि त्याच यंत्रापुढे ज्या माणसांना वर्षानुवर्षं उभं राहायचं होतं, त्यांच्या मापाचं काही आहे का, हे विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. माझी माणसांशी ओळख झाली ती अशी.

तो कारखाना विजेच्या इस्त्र्या बनवायचा. एक लांबलचक पट्टा सरकत असायचा आणि त्याच्या कडेने टेबलं मांडलेली असायची. पहिल्या टेबलावर इस्त्रीचा तळ यायचा, पुढे कुणी तारा जोडायचं, पुढे कुणी मूठ बसवायचं, शेवटी खोक्यात भरायचं. मूठ बसवायच्या टेबलावर वरून एक स्क्रू पिळायची गन स्प्रिंगला लटकत असायची. हात वर करायचा, गन खाली ओढायची, स्क्रू पिळायचा, गन सोडायची. की परत हात वर. सकाळपासून सुट्टी होईपर्यंत एवढंच. यात काय मोठं, असं वाटलं ना तुम्हाला? मोठ्या साहेबांनाही तसंच वाटायचं. त्यांनी ती गन एकदा हातात धरली होती, फोटोपुरती.

या मुठीच्या टेबलावर एक नवीन बाई आली. अंगाने किरकोळ, उंचीने बेताची आणि जिभेने झणझणीत, म्हणून आठवड्याभरातच तिचं नाव लवंगी पडलं. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि महिन्यातून कधीतरी घरी उगवायचा. घरी सासू आणि एक शाळकरी मुलगी. हातावर पोट असलेलं घर, आणि तो हात तिचा. उजवा.

टेबल तिच्या छातीपर्यंत यायचं. गन पकडायला तिला टाचा उचलाव्या लागायच्या आणि स्क्रू पिळताना कोपरं कानाजवळ जायची. पहिल्याच दिवशी तिने सुपरवायझरला गाठलं. हा सुपरवायझर म्हणजे एक नमुनाच. दर दोन वाक्यांनंतर टाळ्या वाजवून 'चला चला' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला चला-चलाच म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे चला-चला.

"साहेब, टेबल उंच आहे," लवंगी म्हणाली.

"टेबल उंच नाही. तू बुटकी आहेस."

"मी बुटकी आहे हे मला आईने लहानपणीच सांगितलंय. मी टेबलाचं बोलतेय."

"नाचता येईना अंगण वाकडं! चला चला, पट्टा थांबत नसतो."

गंमत अशी की तिच्या शेजारच्या टेबलावर तारा जोडणारा जो माणूस होता, तो ताडमाड उंच. त्याला सगळे खांब म्हणायचे. त्याला तेच टेबल ठेंगणं पडायचं. तो दिवसभर कमरेत वाकून उभा असायचा आणि सुट्टी झाल्यावर सरळ व्हायला त्याला भिंत धरावी लागायची. 

"ताई, मला वाटतं हे टेबल आपल्या दोघांच्या मधल्या कुणासाठी तरी केलंय," तो म्हणायचा.

"असेल. पण तो गृहस्थ कामावर येत नाही ना," लवंगी म्हणायची.

खरंच सांगतो, त्या टेबलाच्या मापाचा माणूस सगळ्या कारखान्यात एकही नव्हता. टेबल कुणाच्या मापाने केलं, असं विचारलं तर सगळे वर बोट दाखवायचे. वरच्यांना विचारलं तर तेही आणखी वर दाखवायचे. वर गेलं की छपराचे पत्रे होते.

तर लवंगी मग पॅकिंगमध्ये गेली. तिथे खोकी ठोकणारे सुतारमामा होते. तोंडात कायम खिळे, त्यामुळे कमी बोलायचे. त्यांनी तिला भिंतीपाशी उभं केलं, कोपर कुठे येतंय ते पाहिलं, वितीने काहीतरी मोजलं आणि त्या मोडक्या खोक्याच्या फळ्या ओढल्या. जेवणाच्या सुट्टीत मी तयार झालो. कडा घासून गुळगुळीत केल्या, पायात कुसळ जाऊ नये म्हणून. ती माझ्यावर चढली आणि तिचे खांदे असे खाली आले की जणू डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं.

"अगं बाई! मामा, जमीनच वर आली की हो!"

"हं," मामा म्हणाले. तोंडात खिळे होते.

त्यानंतर माझे बरे दिवस आले. लवंगीच्या हातून इस्त्र्या भराभर पुढे जायला लागल्या, स्क्रू तिरके जायचे ते थांबले, आणि परत आलेल्या मालाची रास कमी झाली. मोठे साहेब खूश झाले. त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक कुणाचं केलं असेल? चला-चलाचं! म्हणे याने बायकांना छान शिस्त लावली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तोही मान खाली घालून लाजला, जणू माझ्या पोटातले खिळे त्यानेच ठोकले होते.

पुढे बाकीच्या बायकांनीही मामांकडून पाट करून घेतले. आमचा एक गोतावळाच झाला. प्रत्येकीचा पाट वेगळ्या उंचीचा, आणि दुसरीच्या पाटावर कुणी पाय ठेवायचा नाही असा अलिखित नियम. नवीन मुलगी चुकून चढली तर सगळ्या ओरडायच्या. खांबाला पाटाचा उपयोग नव्हता. त्याला खड्डा हवा होता. "मामा, मला एक खड्डा ठोकून द्या," असं तो म्हणायचा आणि सगळे हसायचे. त्या हसण्यात त्याची कंबर झाकली जायची, हे मला पुढे कळलं.

पण मित्रांनो, आम्ही पाट म्हणजे त्या कारखान्याची लाज होतो. जमीन करड्या रंगाने रंगवलेली, तिच्यावर पिवळ्या रेघा, आणि रेघांच्या आत काहीही दिसायचं नाही असा हुकूम होता. त्यामुळे पाहुणे यायचे त्या दिवशी चला-चला सकाळीच टाळ्या वाजवत फिरायचा, "पाट उचला! पाट उचला! चला चला!" मग आमची रवानगी भंगाराच्या डब्यामागे. पाहुणे यायचे, हात मागे बांधून हिंडायचे, 'वा, किती स्वच्छ!' म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. त्या सबंध दिवसात लवंगी चवड्यांवर उभी राहून काम करायची. संध्याकाळी मला परत जागेवर ठेवताना ती माझ्यावर बसकणच मारायची. एकाही पाहुण्याला तिच्या टाचा जमिनीपासून वर दिसल्या नाहीत. रंग मात्र सगळ्यांना दिसला.

आणि असे दिवस वाढत गेले. आज हे पाहुणे, उद्या ते. वर गन बदलली, नवी गन जुनीपेक्षा जड. लवंगीचा खांदा कुरकुरायला लागला.

आता तिथल्या माणसांची एक रीत सांगतो. 'दुखतं' हा शब्द त्या पट्ट्यावर कुणी उच्चारायचं नाही. का, तर मागे एका बाईने तो उच्चारला होता. तिचं मनगट सुजलं होतं. तिला साहेबांनी फार गोड बोलून 'हलक्या कामा'वर टाकलं, खोक्यांना लेबलं चिकटवायच्या. लेबलं चिकटवायचं यंत्र आलं तेव्हा हलकं काम संपलं आणि तीही संपली. म्हणजे घरी गेली. तेव्हापासून सगळे म्हणायचे, "आज खांदा बोलतोय." "माझी कंबर बडबडतेय." "मनगट कालपासून गप्पच बसत नाही." बायकांच्या संडासात मलमाची एक डबी खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली असायची. जी जाईल ती दोन बोटं लावून यायची. सगळ्या पट्ट्यावर त्या मलमाचा वास दरवळायचा आणि चला-चला विचारायचा, "कुठलं अत्तर लावता गं सगळ्या?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर अत्तराचं कौतुक.

मग एके दिवशी खबर आली की बाहेरून एक मॅडम येणार आहेत. कामाने माणसांच्या अंगाचं काय होतं हे त्या तपासणार, टेबलं मोजणार, प्रत्येकाशी बोलणार, आणि सांगतील तसे बदल करावे लागणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकी ती गोष्ट बघायला येत होतं. तुम्हाला वाटेल, सगळ्यांना आनंद झाला असेल.

अहो, कसला आनंद! पट्ट्यावर कुजबूज सुरू झाली की मॅडम कमजोर माणसं शोधायला येतायत. जो दुखण्याचा निघेल त्याचं नाव लिहून घेणार, आणि मग हलकं काम. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून ठरवलं, कुणीही काहीही बोलायचं नाही. हसत काम करायचं. आपण कसे धडधाकट आहोत ते त्या बाईला दाखवून द्यायचं. तिकडे ऑफिसमध्ये साहेबांनी आणि चला-चलाने नेमकं हेच ठरवलं. साहेब आणि कामगार यांचं एकमत झालेलं मी आयुष्यात तेवढंच एकदा पाहिलं, आणि तेही असल्या गाढवपणासाठी.

तो दिवस उजाडला. पाट उचलले गेले. मी भंगाराच्या डब्यामागे तिरका उभा होतो, तिथून मला लवंगीचं टेबल स्पष्ट दिसत होतं. चला-चलाने पट्ट्याचा वेग गुपचूप कमी केला होता. बायकांनी सकाळीच दुखण्याच्या गोळ्या गिळल्या होत्या. मलमाची डबी त्या दिवशी बंद, कारण वास येतो. खांबाने शर्टाच्या आत कमरपट्टा इतका आवळला होता की त्याला नीट श्वास घेता येत नव्हता. लवंगीने जाड तळाच्या चपला घालून त्यात पुठ्ठे कोंबले होते. आणि सगळे हसत होते. एवढं हसू त्या पट्ट्यावर मी कधी पाहिलं नव्हतं.

मॅडम तशा बऱ्या होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत, प्रत्येकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. लवंगीपाशी त्यांनी खाली जमिनीकडे पाहिलं. मी जिथे रोज असायचो तिथला रंग बाकीच्यापेक्षा ताजा होता.

"इथे काही असतं का?"

"खोकं असतं मॅडम, मालाचं," चला-चला मागूनच बोलला. तो त्यांच्या सावलीसारखा फिरत होता.

"तुमचा खांदा दुखतो का हो?" मॅडमनी लवंगीला विचारलं.

मित्रांनो, मी डब्यामागून ओरडत होतो, सांग! बये, सांग! पण पाटाचा आवाज कोण ऐकतो.

"खांदा? छे हो मॅडम," लवंगी हसली. "घरी पाण्याच्या कळशा उचलते मी. त्यापुढे हे म्हणजे खेळणं."

मॅडमनी लिहून घेतलं आणि पुढे गेल्या. खांब तर इतकं छान हसला की मॅडमनी त्याचा फोटो काढला.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. काही दिवसांनी निकाल आला. टेबलांची उंची योग्य, कुणाचीही तक्रार नाही, काम सहज होतं. मोठ्या साहेबांनी त्यावर डोकं चालवलं. काम जर इतकं सहज होत असेल, तर पट्टा आणखी वेगाने चालू शकतो की! आणि उंची जर योग्य असेल, तर पाट हवेत कशाला? त्याच आठवड्यात पट्ट्याचा वेग वाढला आणि पाट जप्त झाले. माणसांनी आपल्या हाताने आपल्यासाठी खड्डा खणलेला मी ऐकून होतो. इथे तर त्यांनी खणताना स्मितहास्यही केलं होतं.

आम्हाला फोडून टाकायचा हुकूम सुतारमामांना मिळाला. मामांनी आम्हाला आपल्या ठोकायच्या टेबलामागे रचून ठेवलं. चला-चला विचारायला आला की म्हणायचे, "लाकूड दमट आहे. सुकू दे, मग फोडतो." खोक्याच्या लाकडाचं वाळणं किती दिवस चालावं? पण चला-चलाला लाकडातलं काय कळतंय.

एकदा जेवणाच्या सुट्टीत लवंगी मामांकडे आली. डबा उघडला, पण डाव्या हाताने जेवत होती.

"मामा, हात वर जात नाही आता. काल पोरीची वेणी घालायला गेले तर कंगवाच हातातून पडला."

"डॉक्टर?"

"दाखवलं. म्हणाले, असाच वापरत राहिलात तर खांदा कायमचा आखडेल. हात वर न्यायचाच नाही म्हणाले, निदान महिनाभर."

"मग घे रजा."

"रजा घेतली की कारण विचारतील. कारण सांगितलं की हलकं काम. आणि हलक्या कामातून माणूस कुठे जातो, ते तुम्ही पाहिलंयत ना." तिने घास तसाच ठेवला. "हात गेला तर काम जाणार, आणि काम सोडलं तर घर बसणार. सांगा, काय करू?"

"त्या मॅडमना बोलली असतीस."

"सगळ्यांनी ठरवलं होतं ना मामा. मी एकटीने तोंड उघडलं असतं तर सगळ्यांवर संक्रांत आणली, असं झालं असतं."

मामांनी मूठभर खिळे परत तोंडात धरले. मला मात्र त्या क्षणी तिचाही राग आला, खूप आला. चला-चलाला उलट उत्तर देणारी बाई, आणि स्वतःच्या खांद्यासाठी तिला एक शब्द फुटू नये? जीभ लवंगीची आणि वेळ आली की मेणाची. आणि राग येता येता मला रडूही आलं असतं, पण मी लाकडाचा आहे आणि तेही, मामांच्या म्हणण्याप्रमाणे, आधीच दमट.

आता पुढचं ऐका. त्या सुरेख निकालाच्या जोरावर कारखान्याला सुरक्षित कामाबद्दल बक्षिसाची एक ढाल जाहीर झाली! पट्ट्याशेजारच्या मोकळ्या जागेत समारंभ ठेवला. सगळे कामगार रांगांनी उभे. समोर व्यासपीठ, वर भाषणासाठी चकचकीत लाकडाचं उभं टेबल, त्यावर माईक. ढाल द्यायला त्याच मॅडम आल्या होत्या.

मोठे साहेब भाषणाला उभे राहिले आणि दिसेनासे झाले. खरंच! उंची बेताची, टेबल हनुवटीच्याही वर. समोरून फक्त टाळू दिसत होती आणि माईक त्यांच्या केसांशी बोलत होता. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. चला-चलाचा चेहरा पांढरा पडला. तो धावत सुटला तो मामांकडे.

"मामा, पायाखाली द्यायला काहीतरी द्या! लवकर! चला चला!"

मामांनी तोंडातले खिळे काढले, रचलेल्या पाटांकडे पाहिलं, आणि वरचा सोडून मधला ओढून काढला. तो मी. माझ्यावर घाईघाईने लाल मखमल गुंडाळली गेली. एक कोपरा उघडाच राहिला, म्हणून पुढचं सगळं मी पाहू शकलो. मला साहेबांच्या पायाखाली ठेवलं. साहेब चढले. चेहरा दिसला. माईक तोंडापाशी आला.

मित्रांनो, मी इतकी वाट बघत होतो! वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल, साहेब, टेबल उंच नाही, तुम्ही बुटके आहात. कुणी म्हणालं नाही. साहेबांना अडचण झाली तर टेबल उंच असतं, आणि पाट क्षणात येतो, मखमलीसकट. त्यांच्या बुटांची टाच नेमकी लवंगीच्या खळग्यात बसली होती, आणि मला किळस आली.

"आपल्याकडे एकही तक्रार नाही!" साहेब म्हणाले. टाळ्या. "आपली माणसं हसत काम करतात!" पुन्हा टाळ्या. खांब टाळ्या वाजवताना कमरेतून कळ आल्यासारखा थांबला. मग साहेब म्हणाले, "आता आपण सगळे सुरक्षिततेची शपथ घेऊ. उजवा हात वर करा."

सगळे हात वर गेले. कुणाचा सरळ, कुणाचा वाकडा, कुणाचा दात आवळून. लवंगीचा गेला नाही. तिने प्रयत्न केला, मी पाहिलं. कोपर जरासं हललं आणि तिथेच अडलं. शेजारची बाई हळूच म्हणाली, "डावा कर, कोण बघतंय." तिने डावाही केला नाही.

"लवंगे, हात!" चला-चला बाजूने दबक्या आवाजात म्हणाला. "फोटो निघतायत!"

"होत नाही."

"काय होत नाही? हात वर कर!"

"होत नाही म्हणतेय ना!"

एवढं मोठ्याने म्हणाली की साहेबांची शपथ मधेच थांबली. "काय झालं तिकडे?"

"काही नाही सर," चला-चला हसत म्हणाला, "तिने हात वर केलाय, पण बुटकी असल्यामुळे दिसत नाही."

सगळे हसले. तिच्या बरोबरीचे, तिच्यासोबत मलम लावणारेही हसले. मला वाटतं, त्या हसण्याने काम केलं. गोळ्यांनी जे दाबलं, पुठ्ठ्यांनी जे झाकलं, ते त्या एका फालतू विनोदाने उघडं पडलं. लवंगी रांगेतून बाहेर आली आणि सरळ व्यासपीठापाशी जाऊन उभी राहिली.

"बुटकी आहेच मी. सर, तुम्ही ज्याच्यावर उभे आहात ना, तो पाट माझा आहे. टेबल उंच आहे म्हणून मामांनी मला करून दिला होता. तुम्ही तो फोडायला सांगितलात. आज तुम्हाला टेबल उंच पडलं तर पाट आला. माझा खांदा मात्र गेला." ती मॅडमकडे वळली. "मॅडम, मी त्या दिवशी खोटं बोलले. दुखतं. खूप दुखतं. रोज दुखतं. हात वर जात नाही माझा."

कुणी हसलं नाही. चला-चलाने टाळी वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले.

मग खांब मागून म्हणाला, "माझी कंबरपण, मॅडम." आणि त्याने सगळ्यांसमोर शर्ट वर करून तो आवळलेला पट्टा दाखवला. एका बाईने आपलं मनगट पुढे धरलं. कुणीतरी मान म्हणालं, कुणीतरी गुडघे. शपथेसाठी वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

मॅडम उठल्या. साहेबांना म्हणाल्या, "जरा खाली उतरता का?" साहेब उतरले, आणि पुन्हा दिसेनासे झाले. मॅडमनी माझ्यावरची मखमल बाजूला केली, त्या खळग्यांवरून हात फिरवला.

"त्या दिवशी हा कुठे होता?"

"भंगाराच्या डब्यामागे," लवंगी म्हणाली.

"मी पुन्हा मोजणार आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळं पहिल्यापासून. पाट जागेवर असताना, पट्टा रोजच्या वेगाने चालू असताना. आणि मी बोलेन तेव्हा माझ्या मागे कुणी उभं राहायचं नाही." ढाल त्यांनी दिली नाही. ती खुर्चीवरच राहिली आणि कार्यक्रम चहा न होताच संपला.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात साहेबांचं कौतुक आहे आणि ते मला पचत नाही. टेबलं बदलली. आता त्यांचे पाय फिरवून खाली-वर करता येतात, ज्याच्या त्याच्या कोपराच्या मापाने. गन खाली आली, पट्टा हळू झाला, आणि माणसं दर थोड्या वेळाने टेबलं बदलून घेतात. लवंगीला कुणी काढलं नाही, कारण आता सगळ्यांचं लक्ष होतं. तिला उपचारासाठी रजा मिळाली, पगारासकट. माफी मात्र कुणी मागितली नाही. साहेब हल्ली भाषणात सांगतात की ही टेबलांची कल्पना त्यांना पूर्वीपासून सुचली होती. चला-चला अजून टाळ्या वाजवतो.

आणि लवंगीचा हात? कानापर्यंत येतो. त्याच्या वर नाही, आणि आता येणारही नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर पूर्ण बरा झाला असता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे.

नव्या टेबलापाशी माझी गरज उरली नाही, म्हणून तिने मला घरी आणलं. सकाळी ती माझ्यावर बसते आणि तिची मुलगी मागे उभी राहून तिची वेणी घालते. इतकी वर्षं ती माझ्यावर उभी राहायची, आता बसते. मुलगी अजून लहान आहे, वेणी वाकडी येते, आणि लवंगी तशीच कामावर जाते.

मित्रांनो, माझ्यासाठी काही करू नका. मला पुसू नका, तेलपाणी करू नका, कौतुक तर अजिबात करू नका. पण तुमच्या घरी आई असेल, बाबा असतील, काका, मावशी कुणीही असेल जे कामावरून येतं, आणि डबा फळीवर ठेवताना ज्याचा हात मधेच थांबतो. त्याला विचारा, काय झालं. तो म्हणेल, काही नाही. तेवढं ऐकून खेळायला पळू नका. तिथेच उभे राहा आणि परत विचारा, मागे कुणी नाही ना ते बघून. लवंगीला एकदा विचारलं होतं, चला-चलाच्या समोर. दुसऱ्यांदा तिला कुणीच विचारलं नाही.